बाकीच्या बेचाळीस जणांचं काय?

हौसाक्का,

मी पोचलो तेव्हा सावडणं उरकलं होतं. पलूस स्टँडवर रिक्षा मिळायला उशीर झाला, आणि तुमची लेक सविता फोनवर म्हणाली होती ते खरंच होतं, सकाळी सात म्हणजे सात. नदीवरून परतणारी माणसं मला वाटेतच भेटली. त्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "तुमी कोन म्हनायचं?"

"मास्तर. त्यांच्याबरोबर काम करायचो."

"म्हंजे यष्टीत?"

मी हो म्हणालो. खोलात शिरायची ती जागा नव्हती.

मला रडू आलं नाही. घरी जाऊन बसलो, सविताने दिलेलं पाणी प्यालो, आणि लोक तुमच्याबद्दल बोलत होते ते ऐकत राहिलो. लय कडक बाई. दारात लोंबकळणारा खाली उतरल्याबिगर घंटी मारायची न्हाई. मग कोणीतरी म्हणालं, "नोकरी सोडल्यावर शाळंत भाषणं करायला जायची." तेवढंच. तुम्ही जन्मात कधी भाषण केलं नाहीत, हे सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. न सांगण्याची मला सवय आहे. ही वही त्यासाठीच घेतलीय.

तुम्ही पहिल्यांदा मला भेटलात ते कोयनानगरच्या शाळेत. अंगावर खाकी, खांद्याला तिकिटाचं मशीन. तुमची गाडी स्टँडवर वीस मिनिटं थांबायची आणि त्यातली दहा शाळेचा चढ चढण्यात गेली होती. स्टाफरूमच्या दारात उभं राहून तुम्ही विचारलंत, "आठवी ब कुनाकडं हाय?"

मी हात वर केला.

"तुमची एक पोरगी, वरच्या वाडीची, पाच दिवस झालं उभी राहून येतीया. मागं सीट रिकामी असून."

"बसायचं नसेल तिला."

"आवं सर, घाटात पाऊण तास कोन हौसंनं उभं ऱ्हातं?"

मी हसलो असेन, कारण तुम्ही हसला नाहीत. "मी रोज बघती. तुमीबी बगा," म्हणालात आणि उतरून गेलात.

ती प्रांजल. तिला बोलताना अडखळायला व्हायचं, शब्दाचं पहिलं अक्षर तोंडातच अडकून राहायचं. वर्गात मी तिला कधी प्रश्न विचारत नसे आणि हा माझा समजूतदारपणा आहे असं मला वाटायचं. तुम्ही सांगितल्यावर मी चौकशी केली. दहावीतला ओंकार आणि मागच्या सीटवरची त्याची मंडळी तिला चिडवतात, एवढं एका दिवसात कळलं. ओंकार हुशार होता. वक्तृत्वाची बक्षिसं आणायचा, पंधरा ऑगस्टला आभार मानायचा. मी दोघांनाही स्टाफरूममध्ये बोलावलं.

तो प्रसंग तुम्हाला मी नीट कधी सांगितला नाही. सहा शिक्षक बसलेले. मी म्हणालो, "प्रांजल, घाबरू नकोस, काय काय करतो हा, सगळ्यांसमोर सांग." तिला 'सर' म्हणायचं होतं. त्यातला 'स' बाहेर येईना. तेवढ्यात भूकंपाचा एक बारीकसा धक्का बसला, खिडकीच्या काचा वाजल्या. तिथे अशा धक्क्यांकडे कोण बघतंय? आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. एक सहकारी हसले. वाईट मनाने नव्हे, कोंडी फुटावी म्हणून. ओंकारने अगदी स्वच्छ उच्चारात माफी मागितली. मी दोघांना हात मिळवायला लावलं आणि मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं की प्रकरण मिटलं.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. चौथ्या दिवशी तुम्ही परत तो चढ चढून आलात.

"तुमी तिला त्याच्या म्होरं उभी केली?"

"समोरासमोर झालेलं बरं असतं."

"कुनासाठी बरं?"

तुम्ही म्हणालात, रविवारी माझी सुट्टी हाय, मी जाऊन येती. मीही येतो म्हटल्यावर नको म्हणालात. "शाळा घरात आली की पोरगी मागच्या दारानं पळंल."

त्या रविवारी तुम्ही काय केलंत ते मला पुढे तिच्या आईकडून कळलं. दुपारभर तिच्याबरोबर बसून पावट्याच्या शेंगा सोलल्यात. शाळेचं नाव काढलं नाहीत, ओंकारचंही नाही. निघताना फक्त म्हणालात, "उद्या माज्या शेजारच्या सीटवर बसायचं. बोलायचं न्हाई काय. माजं मशीन धरायचं." ती आली. वर्गात मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो, आणि माझ्या लक्षात आलं की तीही तेच करतेय.

तिसऱ्या आठवड्यात ती बोलली. पूर्ण सांगायला तिला दोन दिवसांच्या फेऱ्या लागल्या, असं तुम्ही म्हणालात. मी विचारलं, मध्ये तुम्ही काय म्हणत होता? "काय न्हाई. तिकिटं फाडत हुते." मशिनच्या काळातही तुमच्या तोंडी तिकिटं फाडणंच होतं. आणि तुम्ही एकदाही तिचा शब्द तिच्या तोंडून ओढून पुरा केला नाहीत. मी करायचो. मदत म्हणून.

तिने सांगितलं ते असं: पोरं तिला रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लावत. त्याचा व्हिडिओ काढून त्याला गाणं जोडून दहावीच्या मुलांच्या ग्रुपवर टाकला होता. घरी सांगितलंस तर गावाच्या ग्रुपवर टाकीन, असं ओंकार म्हणाला होता. आणि गाडीत गर्दी झाली की तो तिच्या मागे येऊन उभा राहायचा. वरच्या दांड्यावर तिचा हात असेल तिथेच हात ठेवून दाबायचा, आणि अंगाला अंग लावायचा. म्हणून ती ड्रायव्हरच्या मागे, सगळ्यांच्या नजरेत उभी राहायची. हे शेवटचं तिला सगळ्यात आधी सांगायचं होतं आणि तिने ते सगळ्यात शेवटी सांगितलं.

सुरुवातीलाच तिने तुमच्याकडे शब्द मागितला होता, कोणाला सांगू नका. तुम्ही दिला नाहीत. "तसं वचन मी देनार न्हाई, बाळा. पर कुनाकुनाला सांगायचं, ते तुला इचारल्याबिगर न्हाई." तुम्ही मला सांगितलंत त्याच दिवशी हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. पुढे कित्येक शिक्षकांच्या बैठकांत ते बोललो. तुमचं नाव न घेता बोललो, हेही आज लिहून टाकतो.

कोणाला माहीत असलेलं चालेल, याची तिने तीन नावं दिली. आई, तुम्ही, आणि शाळेतल्या शिपाईमावशी. चौथं नाव, माझं, तुम्ही तिच्याकडून मागून घेतलंत, कारण वर्गशिक्षकाला कळल्याशिवाय पुढचं काही हलणार नव्हतं.

मग बैठक झाली. मुख्याध्यापक, ओंकारचे वडील, प्रांजलची आई, आणि फोनच्या स्पीकरवर तिचे फौजी वडील. ते तेव्हा सरहद्दीवर कुठेतरी होते, आवाज तुटत होता. पोलिसांना कळवणं कायद्याने भाग होतं, ते कळवलं होतं. साध्या कपड्यातल्या एक बाई येऊन दोन्ही घरांशी बोलून नोंद करून गेल्या होत्या. प्रश्न शाळेने काय करायचं हा होता. मी म्हणालो, मुलाच्या हातात दाखला द्या. ओंकारचे वडील रडायला लागले. मला त्यांची दया आली नाही. तुम्ही कोपऱ्यात बसला होता, हिरव्या साडीत. खाकीशिवाय मी तुम्हाला तेव्हा पहिल्यांदा बघत होतो.

"मी बोलू का?" म्हणालात. "दाखला दिला तर त्यो शाळंत यायचा न्हाई. गावात तर येईल? तिच्या वाडीच्या वाटंवर उभा ऱ्हाईल. तितं मी न्हाई, तुमी न्हाई."

"मग काय, सोडून द्यायचं?"

"सोडा कोन म्हनतंय? परीक्षा हुस्तवर त्यानं मागच्या गाडीनं यायचं. मोबाईल बापाच्या खिशात. ज्याच्या ज्याच्या मोबाईलात त्यो व्हिडिओ हाय, त्यानं आई-बापाच्या म्होरं काढून टाकायचा. आनि मला सांगा सर, आमच्या गाडीत चव्वेचाळीस सीटा. तरास देनारा एक, सोसनारी एक. बाकीच्या बेचाळीस जनांचं काय? ती पोरं हसली म्हून तर ह्याला जोर आला. त्यांना कोन बोलवनार हाय हितं?"

मुख्याध्यापकांनी ते सगळं लिहून घेतलं. मी तुमच्यावर चिडलो होतो. एका कंडक्टर बाईने मला माझं काम शिकवावं, हाही राग त्यात होता. आज तो नाकारण्यात अर्थ नाही.

पुढचे आठ दिवस गाडी स्टँडात लागली की तुम्ही पोरांना दहा मिनिटं खाली उतरू द्यायचा नाहीत. ड्रायव्हरमामा बाहेर तंबाखू मळत थांबायचे. मी दोनदा येऊन खिडकीतून ऐकलं. तुम्ही एकेकाला विचारत होता, "तू हसलास. का?" "सगळीच हसत हुती." "मी सगळ्यांना न्हाई इचारलं." मधल्या सीटवरची एक मुलगी म्हणाली, "मावशी, मी मधे बोलले तर उद्या माझा नंबर लागेल." मला वाटलं, आता तुम्ही तिला धीर द्याल. तुम्ही म्हणालात, "लागंल. म्हून एकटीनं उठायचं न्हाई. तिगी मिळून उठायचं, आनि तिच्या शेजारी जाऊन बसायचं. भांडायचं न्हाई काय. नुसतं बसायचं."

आपल्या कामाची सुरुवात ती. आपण तेव्हा त्याला काम म्हणत नव्हतो.

तुमची कंबर गेली, तुम्ही मुदतीआधी नोकरी सोडून लेकीकडे पलूसला आलात. दोन वर्षांनी आमच्या संस्थेने माझी बदली त्याच बाजूला केली. मी तुम्हाला शोधत आलो आणि म्हणालो, शनिवारी शाळांमधून तास घेऊ या. सांगली जिल्ह्यातल्या आणि सुट्टीत साताऱ्याकडच्याही किती शाळांतून आपण बाकं दोन रांगांत लावून एसटी केली, ते आता मोजून निघणार नाही. मुलं त्याला एसटीचा तास म्हणायची. तुम्ही घंटी मारल्याचा आवाज तोंडाने काढायचा. "दांडा सगळ्यांचा हाय. हात तिचा हाय," असं म्हणायचा, आणि पाचवीची पोरंही ते पाठ करून घरी न्यायची. कोयनेकडच्या एका शाळेत तुम्ही शिक्षकांना म्हणालात, "भूकंप झाला तर बाकाखाली जायचं, ही तुमच्या पोरांना झोपंतबी ठावं हाय. शेजारच्यानं नको तितं हात लावला तर कुटं जायचं, ही कुनी शिकिवलंय?" मग गावातली माणसं मोजायला लावायचा. एकानं ऐकलं न्हाई तर दुसऱ्याला सांगा, दुसऱ्यानं ऐकलं न्हाई तर तिसऱ्याला. हाताच्या पाच बोटांवर पाच माणसं. ज्या पोराला पाच नावं सापडत नसत, त्याच्याजवळ तुम्ही तास संपल्यावर थांबायचा. तुम्हाला न्यायला आलेली सविता गाडी सुरू करून हॉर्न वाजवत राहायची.

आपली भांडणंही खूप झाली. मी मोठ्या हौसेने तक्ता रंगवून घेतला होता, 'ठामपणे नाही म्हणा'. तुम्ही तो भिंतीवर लावू दिला नाहीत.

"का? नाही म्हणायला शिकवायचं नाही?"

"शिकवा की. पर जिला म्हनता आलं न्हाई, ती ह्या तक्त्याकडं बघून काय म्हनंल? माजंच चुकलं म्हनंल."

"म्हणून काहीच हातात द्यायचं नाही का मुलांच्या?"

"ही मला ठावं न्हाई. तुमी शिकलेलं. तुमी सोदा."

मी अजून शोधतोय. तक्ता घरी माळ्यावर आहे. त्यावर काय लिहायला हवं होतं, हे मला आजही सुचलेलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत, आणि यात तुम्ही अर्ध्यावर सोडून गेलात अशी माझी तक्रार आहे.

पण आपलं खरं भांडण ओंकारवरून झालं. गेल्या वर्षी तो तुम्हाला पलूसला भेटायला आला. नोकरीला लागलेला, लग्न ठरलेलं. म्हणाला, मावशी, तुमच्या तासात मला बोलू द्या, मी काय केलं ते पोरांना सांगतो. तुम्ही मला फोन केलात. मी सरळ नाही म्हणालो.

"बोलू दे की. त्याच्या तोंडून ऐकलं तर पोरांना लवकर कळंल."

"तो वक्ता आहे, आक्का. छान बोलेल. टाळ्या पडतील. प्रांजलला विचारलंत?"

विचारलं होतंत. ती तेव्हा मिरजेत नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती म्हणाली होती, त्याला बोलायचं तर बोलू दे, मला ऐकायचं नाही, आणि मला परत विचारू नका. ते तुम्ही मला जसंच्या तसं सांगितलंत. त्यातून मी माझा अर्थ काढला, तुम्ही तुमचा. पुढे भेटलो तेव्हा स्टँडवर उभ्याने आपण अर्धा तास बोललो आणि माझी गाडी आल्यावर मी निरोप न घेता चढलो. त्यानंतर चार महिने शनिवारचे तास मी एकट्याने घेतले.

मग तुमच्या आजाराचं कळलं. मी फोन केला. तुमचा आवाज बारीक झाला होता. आजाराबद्दल बोलू दिलं नाहीत. म्हणालात, "सर, एक इचारू? त्या पोरावर तुमी येवढं का चिडता? पोरगीसुदिक येवढी चिडली न्हाई."

मी म्हणालो, "तत्त्वाचा प्रश्न आहे."

तुम्ही म्हणालात, "बरं."

हे आपलं शेवटचं बोलणं. पुढे दोनदा दवाखान्यात आलो तेव्हा तुम्ही झोपेत होता.

आता उत्तर देतो. वाईला मी सातवीत होतो तेव्हा आमच्या वर्गात एक मुलगा होता, मामाकडे राहून शिकणारा. त्याला मी एक नाव ठेवलं. ते इतकं चिकटलं की एकदा नवीन मास्तरांनी हजेरीतसुद्धा ते घेतलं आणि वर्ग लोळून हसला. वर्षभर तो माझं दप्तर उचलायचा. मी कधी त्याला मारलं नाही, ह्याचा मला अभिमान होता. एका रविवारी आम्ही सगळे कृष्णेच्या घाटावर पोहायला गेलो. तो पाण्यात असताना मी त्याचे कपडे उचलून देवळामागे टाकले. घाटावर बायका धुणं धूत होत्या, भटजी येत-जात होते. तो बाहेर येऊ शकेना. गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहिला. आम्ही पायऱ्यांवर बसून हसलो, मग भूक लागली म्हणून घरी गेलो. अंधार पडेपर्यंत तो पाण्यात होता, असं दुसऱ्या दिवशी कोणीतरी सांगितलं. पुढच्या वर्षी तो शाळेत नव्हता. मला कोणी काही विचारलं नाही. घरी चांगला मुलगा म्हणून माझं नाव होतं, वक्तृत्वातही होतं.

हे मी तुम्हाला इतक्या वर्षांत सांगू शकलो असतो. तासाहून परतताना आपण कितीतरी वेळा एका सीटवर बसून आलो. तुम्ही खिडकीबाहेर बघत बसायचा, काही विचारायचा नाहीत. आज वाटतं, तुम्हाला काहीतरी अंदाज असावा. पण तसं वाटणं माझ्या सोयीचंही आहे, म्हणून त्यावर फार भर देत नाही.

तुमचं तेरावं झालं आणि मी वाईला गेलो. तो कुठे असतो ते मला माहीत होतं. नेहमीच माहीत होतं. त्याची पिठाची गिरणी आहे. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं.

"ओळखलंस?" मी विचारलं.

"आवाजावरून," तो म्हणाला आणि पट्टा थांबवला.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ठेवलेलं नाव, दप्तर, कपडे. तो भुवयांवरचं पीठ पुसत ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "हे आत्ता का?"

"एक बाई गेल्या. त्यांना सांगायचं राहिलं."

"म्हणजे त्यांना सांगायचं होतं ते मला सांगतोयस."

मी हो म्हणालो.

"माफ कर म्हणतोयस का?"

"नाही. तसं म्हणायला आलो नाही."

"बरं," तो म्हणाला. तेवढ्यात एक बाई डबा घेऊन आल्या आणि त्याने पट्टा चालू केला. त्या आवाजात पुढे बोलता येण्यासारखं नव्हतं. मी निघालो. मला हलकं वाटलं नाही. वाटायला हवं होतं, असंही वाटलं नाही.

पुढच्या शनिवारी एका शाळेत सातवीचा तास होता. बाकं लावली. घंटी मी मारली, तुमच्यासारखी जमत नाही. मग, आधी ठरवलेलं नसताना, मी मुलांना घाटावरची गोष्ट सांगितली. कपडे कोणी लपवले तेही सांगितलं. एका मुलाने विचारलं, "सर, तुम्हाला शिक्षा काय झाली?" काही नाही, म्हणालो. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. मग खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. तिला उभं राहायला मी सांगितलं नव्हतं.

"सर, हे आम्हाला सांगू का, असं तुम्ही त्यांना विचारलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही."

ती बसली. ती रागावलेली नव्हती. तिला फक्त माहिती हवी होती.

आक्का, इतकी वर्षं तुमच्या शेजारी उभा राहून मी शिकवलं, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. ओंकारला मी नको म्हणालो ते याच कारणासाठी, प्रांजलचा मनापासून होकार नाही म्हणून, असं मी तुम्हाला स्टँडवर ठणकावून सांगितलं होतं. आणि स्वतःच्या वेळी सातवीच्या मुलीने आठवण करून द्यावी लागली. ओंकारला मी अजून बोलावलेलं नाही. बोलवावं की नाही ते ठरत नाहीये, आणि आता भांडायला तुम्ही नाही. फोनमध्ये तुमचा नंबर तसाच आहे. सविताचा फोन येतो तेव्हा त्यावरच येतो, आणि तुमचं नाव बघून मी दर वेळी क्षणभर थांबतो.

त्या रविवारी परत वाईला गेलो. या वेळी गिरणीत गर्दी होती. मी रांगेच्या शेवटी, भिंतीशी उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा त्याने माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

"आता काय?"

मी सांगितलं, मी काय काम करतो, आणि गेल्या शनिवारी मी त्याला न विचारता काय केलं. त्याचं नाव घेतलं नव्हतं, तेही सांगितलं. तुझी हरकत असेल तर पुन्हा सांगणार नाही, म्हणालो.

त्याने डब्यातलं पीठ हाताने सारखं केलं, झाकण लावलं, शेजारच्या बाईंना दिलं. मग माझ्याकडे वळला.

"मुलं काय म्हणाली?"

"तुला विचारलं होतं का, असं एकीने विचारलं."

त्याने मान हलवली. म्हणाला, "नदीचं सांग. नाव सांगू नकोस, गावही नको. आणि मी रडलो नव्हतो, तेही सांग."

हे मला माहीत नव्हतं, आक्का. तो पाण्यात उभा राहून रडत असणार, असंच मी चाळीस वर्षं धरून चाललो होतो.

म्हणून ही वही मी सविताला देणार नाही आणि कोणाला वाचूनही दाखवणार नाही. यात मी वाईचं नाव लिहिलंय.